आधी बैठक, मग बटणं: घरच्या खोलीत सेसनाचं कॉकपिट

कॉम्प्युटरवर विमान उडवायला मी घरीच कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची केबिन, बांधायला घेतलं. वेल्डिंग होऊन त्याची पहिली चौकट घरी आली त्या संध्याकाळी मी सीट लावली, बसलो, आणि दोन्ही गुडघे पॅनेलच्या खालच्या कडेला टेकले. सगळी मापं फोटोवरून काढली होती, मिलिमीटरपर्यंत. माणूस मात्र मोजला नव्हता. दुसऱ्यांदा काम दिलं ते कुपवाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना. त्यांनी माझा कागद बघितला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बसनार कोन हाय? तेला घिऊन या, मग पाइप कापतो."

पुढची तीन वर्षं मी याच एका वाक्यावर काम केलं. सांगलीत विश्रामबागेत आमच्या मागच्या खोलीत आज जे कॉकपिट उभं आहे, ते सीटपासून बाहेर बांधत नेलेलं आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हाच क्रम सांगतो: आधी बैठक, मग हातापायांची नियंत्रणं, मग पॅनेल, आणि स्क्रीन शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात. पैसे मोठ्या टीव्हीत संपतात आणि पुढे वर्षभर जेवणाच्या टेबलावर जॉयस्टिक ठेवून उडतात.

विमान एकच ठरवा

बोइंग ७३७ चं पॅनेल बघून कुणालाही मोह होतो, पण पहिलं कॉकपिट सेसना १७२ चंच करा. हे विमान १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्येही हे नेहमी दिसतं. एक इंजिन, आत न जाणारी चाकं, मोजकी बटणं. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलायचा वेगळा दांडा नाही, त्यामुळे हातात फक्त दोन खुंट्या: काळी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी, आणि लाल मिक्स्चरची, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारी.

सॉफ्टवेअरच्या बाजूनंही सोय आहे. फ्लाइटगियर हे पूर्ण मोफत आहे आणि त्यात सेसना १७२ आधीपासूनच येतं. एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर विकत घ्यावे लागतात, पण १७२ दोन्हींत आहे. घरात जुना कॉम्प्युटर असेल तर फ्लाइटगियर टाका आणि महिनाभर नुसत्या कीबोर्डवर उडा. या महिन्यात एक पैसाही खर्च करू नका. महिन्याअखेर तुमचा हात आपोआप कुठल्या बटणाकडे जातो त्याची यादी करा. पॅनेलवर पहिला हक्क त्या बटणांचा.

फ्रिजचा खोका

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा आणि मोठ्या फ्रिजचा रिकामा खोका मागून आणा. कटर, चिकटपट्टी आणि एक दुपार एवढंच लागतं. भंगारातून मोटारीची पुढची सीट खालच्या रुळांसकट आणा. मी मारुती आठशेची आणली. रूळ हवेतच, कारण माझी पुतणी बसते तेव्हा सीट एक वीत पुढे घ्यावी लागते.

आता सीटवर पाठ टेकून बसा आणि समोर पुठ्ठ्याचं पॅनेल उभं करा. खऱ्या १७२ ची केबिन आतून सुमारे एक मीटर रुंद असते. एकट्यासाठी डावी बाजू आणि मधला भाग मिळून ७० सेंटिमीटर पुरतात. घरातल्या कुणाला तरी समोर उभं करून या गोष्टी तपासून घ्या. टाच जमिनीवर टेकवून पेडल पूर्ण दाबलं तरी गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. योक, म्हणजे समोरचं चाक, पोटाकडे पूर्ण ओढलं तर पोटाला लागता कामा नये आणि पूर्ण पुढे ढकललं तर खांदा सीटच्या पाठीवरून सुटता कामा नये. उजवा हात मांडीवरून उचलून न बघता पुढे नेला की तळवा थ्रॉटलवर पडला पाहिजे. पॅनेलची वरची कड हनुवटीच्या पातळीला ठेवा. त्याहून वर गेली तर धावपट्टी दिसत नाही.

सगळं जमलं की त्या पुठ्ठ्यात तासभर बसा. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही, पण तासाभरात कंबर जे सांगते ते कुठल्याच नकाशात नसतं. मला सीटची पाठ अजून चार बोटं मागे झुकवावी लागली. पुठ्ठ्यात ते काम पाच मिनिटांचं होतं. लोखंडात एक चौकट वाया गेली होती.

सांगाडा

माप पक्कं झालं की एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्या, किंवा सुतारकाम हाताशी असेल तर १८ मिलिमीटर प्लायवुडचा. लोखंडाचा पक्का असतो, प्लायवुडचा नंतर बदलता येतो. पहिल्यांदाच करत असाल तर प्लाय घ्या. काहीही घेतलं तरी सीट आणि पेडल एकाच तळाला बोल्टनं जोडलेली हवीत. पेडलवर पाय दाबला की पेडल पुढे सरकत नाही, खुर्चीच मागे जाते, आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच टेकऑफला हे कळतं. सांगाडा दोन भागांत करा आणि आधी दाराची रुंदी मोजा. नदीकाठच्या भागात राहत असाल तर वरच्या मजल्यावरचीच खोली निवडा. २०१९ चं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना कारण सांगायला नको.

योक, पेडल, थ्रॉटल

ही तीन कामं म्हणजेच कॉकपिट. सगळा जीव इथे ओता.

१९२९ साली एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसानं पहिला नावाजलेला फ्लाइट ट्रेनर बनवला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. लिंकनं त्याच ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून लाकडी खोकं डुलतं केलं. १९३४ मध्ये टपालाची विमानं खराब हवेत पडायला लागली तेव्हा अमेरिकी लष्करानं त्याच्याकडून सहा ट्रेनर घेतले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याला दांडी बसवणारे हात बघताना मला दर वेळी लिंक आठवतो. सिम्युलेटर वाद्याच्या कारखान्यात जन्मला, कारण तिथल्या लोकांना हाताखाली वस्तू कशी लागली पाहिजे ते कळत होतं. तुमच्या योकचीही परीक्षा हीच: डोळे मिटून फिरवा, कुठे अडकतो का, मध्ये आला की हाताला कळतं का?

योकला दोन हालचाली असतात, मागेपुढे सरकणं आणि डावीउजवीकडे फिरणं. सरकण्यासाठी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी चालते, पण ती थोडी डुगडुगते. माझ्या योकमध्ये २० मिलिमीटरचा गुळगुळीत रॉड आहे, दोन लिनियर बेअरिंगांतून जाणारा. असे रॉड-बेअरिंग थ्रीडी प्रिंटरच्या सुट्या भागांत मिळतात. सरकण मी १५ सेंटिमीटर ठेवली आणि चाक दोन्हीकडे ९०-९० अंश फिरतं. मध्यावर परत यायला दोन्ही बाजूंनी रबर लावा. सायकलच्या कॅरियरचं रबर सुरुवातीला उत्तम, पुढे स्प्रिंग. रबर फार ताठ लावू नका. खूप जोर लावावा लागला की हात थरथरतो आणि उतरताना विमान वरखाली झोके खातं.

पेडलची जोडी एकमेकांना उलट बांधलेली असते. डावं पुढे गेलं की उजवं मागे आलं पाहिजे. मध्ये खिळ असलेली एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन दांडे, एवढंच त्याचं यंत्र. पेडल नंतर करू म्हणून टाळू नका. १७२ जमिनीवर पेडलनंच वळतं, आणि टेकऑफला पूर्ण थ्रॉटल दिला की नाक डावीकडे ओढ घेतं, ते उजव्या पायानं धरावं लागतं. पेडलशिवाय शिकलेल्या माणसाचा उजवा पाय कायमचा झोपलेला राहतो.

थ्रॉटलसाठी माझ्याकडे आहे ती ट्रॅक्टरची इंजिन बंद करायची ओढकेबल. खुंटी, नळी, आतला दांडा, सगळं तयार, आणि सरकताना जो जड, गुळगुळीत विरोध होतो तो थेट विमानासारखा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते. दोन घ्या. एकीची मूठ काळी रंगवा, दुसरीची लाल. मागच्या टोकाला सरकता पोटेन्शिओमीटर, म्हणजे हलवला की विजेचा विरोध बदलणारा भाग, जोडा, ऑडिओ मिक्सरवर असतो तसला लांब.

ट्रिमचं चाक नवे लोक विसरतात. योकवर हाताचा जोर न लावता विमान सरळ धरून ठेवायचं काम या चाकाचं. थ्रॉटलच्या खाली उभं बसवा, पुढे फिरवलं की नाक खाली. त्याला दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर लावा, नाहीतर बोटभर फिरवलं की विमान उडी मारतं.

हळद, धूळ आणि सेन्सर

हालचाल कॉम्प्युटरला कळवायला अर्डुइनोचं बोर्ड, म्हणजे प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट, लागतं. ३२यू४ चिपचं घ्या, म्हणजे प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो. ते यूएसबीवर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखलं जातं. साधं उनो तसं ओळखलं जात नाही, आणि स्वस्त म्हणून तेच उचलून आणणारे खूप आहेत. अर्डुइनोसाठी जॉयस्टिकची तयार लायब्ररी मिळते, वीसेक ओळींत काम होतं.

पोटेन्शिओमीटर १० किलोओहमचा घ्या, पण त्यावर 'बी' लिहिलेला, म्हणजे सरळ चढणारा. 'ए' लिहिलेला आवाजासाठी असतो. तो लावला तर योक एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला झपकन जातो. दोन टोकांच्या पायांना पाच व्होल्ट आणि ग्राउंड, मधला पाय बोर्डच्या अॅनालॉग पिनला. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात '१०४' लिहिलेला छोटा कपॅसिटर टाका, थरथर कमी होते.

आता एक हिशेब करून बघा. पोटेन्शिओमीटर साधारण ३०० अंश फिरतो आणि बोर्ड त्याच्या १०२४ पायऱ्या करतं. पेडलचा दांडा जर ४० अंशच फिरत असेल तर तुमच्या हाती येतात जेमतेम १३६ पायऱ्या. विमान पायाखाली ठेचकाळत चालल्यासारखं वाटतं. म्हणून दांड्यावर मोठं आणि पोटेन्शिओमीटरवर लहान चाक लावून फिरणं तिप्पट करा, किंवा सरकता पोटेन्शिओमीटर वापरून त्याची पूर्ण लांबी कामी आणा.

माझा योक पहिले चार महिने सुरेख चालला. मग एका रात्री कोल्हापूरला उतरताना, धावपट्टी समोर, उंची दोनशे फूट, आणि नाकानं एकदम झटका खाल्ला. मी हात हलवला नव्हता. पुन्हा झटका. योक खोलला, पोटेन्शिओमीटरची पत्र्याची टोपी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटली, तर आत काळ्या पट्टीवर बारीक पिवळट भुकटी, आणि ब्रश फिरतो त्या वाटेवर तिचा कडक झालेला थर. आमचा हळदीचा धंदा आहे, दुकानाचं ऑफिस त्याच खोलीला लागून. वर्षभर जी धूळ आम्ही श्वासात घेतो तीच त्या टोपीच्या भोकातून आत गेली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पंधरा दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

यावर कायमचा उपाय म्हणजे हॉल सेन्सर. ४९ई नावाचा तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा तुकडा. काही रुपयांना मिळतो. फिरत्या दांड्याच्या टोकावर लहान लोहचुंबक चिकटवा आणि समोर हा सेन्सर पक्का बसवा. दोघांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे धुळीनं बिघडायला काही उरत नाही. अंतर ठरवायला फुटपट्टी उपयोगाची नाही. विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडा, दांडा इकडून तिकडे फिरवा, आणि आकडा दोन्ही टोकांना सारखा जाईपर्यंत सेन्सर पुढेमागे करा. मग गरम गोंदानं पक्कं करा. हळद, ज्वारी, ऊस, कुठलीही धूळ असलेल्या घरात मी सरळ हॉल सेन्सरनंच सुरुवात करायला सांगेन.

दोन प्रो मायक्रो लावले तर दोन्ही एकाच नावानं दिसतात आणि योक-पेडलची अदलाबदल होते. बोर्डच्या सेटिंग फाइलमध्ये प्रत्येकाला वेगळं नाव द्या. विंडोजमध्ये यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद करा, म्हणजे मध्येच पेडल गायब व्हायचं नाही.

पॅनेल

१७२ च्या सहा मुख्य घड्याळांची जागा ठरलेली असते. वरच्या ओळीत डावीकडून वेग, क्षितिज, उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा, चढ-उताराचा दर. घड्याळाचं भोक सव्वातीन इंचांना थोडं कमी, सव्वातीन उणे एक अष्टमांश, म्हणजे ८० मिलिमीटरच्या आसपास. खरीखुरी सुईची घड्याळं बनवायच्या मागे पहिल्यांदा लागू नका. एमडीएफच्या ६ मिलिमीटर जाड फळीत ही भोकं पाडून घ्या आणि मागे जुना २२ इंची मॉनिटर लावा. नंबरप्लेट आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग असतं. एअर मॅनेजर नावाचं विकतचं सॉफ्टवेअर त्या मॉनिटरवर घड्याळं दाखवतं. भोकाच्या मागे सुई फिरताना दिसली की पाहुणे हात लावून बघतात.

बटणांसाठी अर्डुइनो मेगा घ्या, त्याला ५४ डिजिटल पिना आहेत, आणि मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर. एक ओळही प्रोग्राम न लिहिता कुठलं बटण सिम्युलेटरमधल्या कशाला जोडायचं ते माउसनं ठरवता येतं. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या, किल्लीला पाच जागा असतात: बंद, उजवा, डावा, दोन्ही, स्टार्ट. गाडीचा इग्निशन स्विच इथे कमी पडतो. बारा जागांचा रोटरी स्विच घेऊन आतली अडवणूक पाचावर बसवा. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी लावा. आज सगळं लक्षात आहे असं वाटतं, सहा महिन्यांनी नसतं.

स्क्रीन आणि वीज

स्क्रीनच्या मधोमध क्षितिज, आणि ते तुमच्या डोळ्यांच्या पातळीला. ३२ इंची मॉनिटर साधारण ७१ सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या दृष्टीचा सुमारे ५४ अंशांचा तुकडा व्यापतो. सिम्युलेटरमध्ये दृष्टीचा कोन तेवढाच ठेवा. जास्त ठेवला तर दृश्य रुंद दिसतं, पण धावपट्टी आहे त्याहून लांब वाटते आणि तुम्ही चाकं आपटता. टीव्ही वापरत असाल तर गेम मोड चालू करा.

घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, कॉम्प्युटरला यूपीएस लावा, आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लग काढा. पॅनेलमागचा मॉनिटर तापतो, तिथे एक छोटा पंखा हवाच.

पहिलं उड्डाण

घरातले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, तरी सवयी खऱ्या लागतात, म्हणून चेकलिस्ट पहिल्या दिवसापासून हातात घ्या. मी माझी मराठीत लिहून पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवली आहे.

कोल्हापूर घ्या, कोड व्हीएकेपी. धावपट्टी ०७ वर उभे राहा, वारा शून्य ठेवा. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, त्यामुळे उभ्या विमानातच उंचीचं घड्याळ दोन हजार दाखवेल, गोंधळू नका. थ्रॉटल पूर्ण आत, उजवा पाय तयार, ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) योक हलके ओढा, ७४ ला धरून चढा. ४००० फुटांवर नाक आडवं करा, ट्रिमचं चाक फिरवत राहा, आणि योकवरचा हात काढला तरी विमान तसंच राहिलं की दिशा ०५५ धरा.

खालून पंचगंगा जाईल, उजवीकडे इचलकरंजी, पुढे हातकणंगले. बारा मिनिटांत, जवळजवळ २० सागरी मैलांवर, हरिपूरचा संगम दिसतो, कृष्णा आणि वारणा. तिथे सावकाश डावीकडे पूर्ण वळून २३५ धरा. परतताना एक गोष्ट आपसूक जमून येते: सांगलीहून येणारा माणूस धावपट्टी २५ ला, म्हणजे त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ सरळ रेषेतच येतो. सहा मैलांवर थ्रॉटल कमी करून मिनिटाला ५०० फुटांनी उतरायला लागा. वेग ८५ नॉटच्या खाली आला की मगच फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्या, पूर्ण सोडा. शेवटच्या टप्प्यात ६५ नॉट, डोळे धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकावर. आणि हात न बघता थ्रॉटलवर पडतो का, तेवढं त्या क्षणी तपासा. नसेल पडत तर उतरल्यावर पाना घ्या आणि थ्रॉटलच जिथे हात पडतो तिथे सरकवा.